हंगासच्या खोपटाला कुलूप नाही

हंगास तळ्याकाठचे खोपट माझ्या वडिलांनी बांधले. त्याच्या दाराला लाकडी अडसर आहे. तो आतून-बाहेरून, दोन्हीकडून उचलता येतो. कुलूप नाही. गेल्या हिवाळ्यात एका सुशिक्षित गृहस्थाने तिथे कुलूप लावून घेण्याचा प्रयत्न केला. गावातल्या दुकानात ही हकिगत हल्ली अशी सांगतात की, आलातालोच्या केर्त्तूने त्याला हिमात ढकलून दिले. ते खोटे आहे. मी त्याला त्याच खोपटात कॉफी दिली, आणि तीही दोनदा.

आलातालो हे माझे घर. अकरा खोल्या, एक रिकामा गोठा आणि नदीकाठी वाफेच्या स्नानाची सॉना. माझे यजमान ऑस्करी गेले, मुले दक्षिणेला स्थायिक झाली, आणि त्यानंतर काही वर्षे मी दोनच खोल्या तापवीत असे. न तापवलेले घर हळूहळू आतून तडकत जाते, ते कान असलेल्या माणसाला ऐकू येते. चौदा वर्षांपूर्वी राजधानीतल्या एका कलासंस्थेने विचारणा केली की, दरवर्षी नोव्हेंबर ते मे असे चार कलावंत तुमच्याकडे राहून काम करतील, चालेल का. मी कळवले की चालेल, पण घर माझ्या नियमांनी चालेल.

नियम अवघड नव्हते. सकाळी सातला जेवणघरात यायचे आणि येताना हातात सरपणाचा एक भारा आणायचा. रिकाम्या हातांनी येणाऱ्यापुढे रिकामी ताटली ठेवली जाई. बुधवारी आणि शनिवारी सॉना. पहिली कॉफी संपेपर्यंत कोणी आपल्या कलेविषयी बोलायचे नाही. एक संगीतकार आला होता, तो नदीच्या बर्फाला भोक पाडून त्यात ध्वनिमुद्रणाचे यंत्र सोडून बसे. एका कवीला दुपारपर्यंत झोपायची सवय होती. ती पहिल्याच आठवड्यात हिम उपसण्याच्या फावड्याने सुटली. त्यांच्यापैकी कोणाची कला मला कळली आणि कोणाची नाही, हा मुद्दा कधी उपस्थितच झाला नाही. त्यांना माझी भाकरी आवडे. आणि मला, खरे सांगायचे तर, गावातून येताना वळणावर आले की आपल्या घराच्या साऱ्या खिडक्यांत उजेड दिसणे आवडे. हे मी त्यांच्यापैकी कोणालाही सांगितले नाही.

ज्याला घरातली चार माणसेसुद्धा जास्त वाटत, तो हंगासच्या खोपटात जाऊन राही. ते घरापासून सात किलोमीटरवर, रेनडियर पाळणाऱ्यांच्या जुन्या वाटेवर आहे. त्या वाटेवरून जाणारा कोणीही तिथे थांबू शकतो. जागा अपुरी पडली तर शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. आधी आलेल्याचे अंग एव्हाना वाळलेले असते, त्याने पुढची वाट धरावी. निघताना चुलीजवळ एका मुक्कामापुरते कोरडे सरपण ठेवायचे. त्याच्याशेजारी पाच तुरे, थोडी भूर्जाची साल, फळीवरच्या डब्यात काड्यापेटी. आणि वहीत लिहायचे: कोण, कुठून आलो, कुठे चाललो.

तुरा म्हणजे हातभर लांबीची चिडाची काठी. तिच्या एका टोकाशी सुरीने पातळ पातळ ढलप्या सोडवत न्यायच्या, पण तोडायच्या नाहीत. त्या कुरळ्या होऊन काठीलाच राहतात. एका काडीने पेट घेणारी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. तुरे आधीच्या माणसाने करून ठेवायचे, कारण ज्याला खोपटाची खरोखर गरज पडते, त्याच्या बोटांना त्या वेळी सुरी धरता येत नाही.

वेन्द्ला गेल्या नोव्हेंबरात आली. वय चौतीस, शिल्पकार, राजधानीतली, बांध्याने लहान आणि हनुवटीने हट्टी. तिसऱ्याच दिवशी ती खोपट पाहून परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मालकीणबाई, तिथे दाराला कुलूप नाहीये.”

“नाही.”

“माझं काम असणार आत. मी इकडे आले आणि मागे कोणी आलं तर?”

“तर तो आत जाईल. दार त्यासाठीच असतं.”

“आणि काही नेलं तर?”

“नव्वद वर्षांत तिथून एक चहाची किटली गेली,” मी म्हणाले. “ती चार वर्षांनी परत आली. आता बूट काढ आणि बटाटे सोलायला बस.”

तिने बटाटे सोलले. सुरी धरण्याची तिची रीत मला आवडली, म्हणून त्याच आठवड्यात मी तिला तुरा करायला शिकवला. सुरी गुडघ्यावर स्थिर धरायची आणि काठी मागे ओढायची. बहुतेक लोक उलट करतात आणि बोट कापून घेतात. डिसेंबर येईतो तिचे तुरे माझ्यापेक्षा चांगले होऊ लागले. तेही मी तिला सांगितले नाही.

तिने तुऱ्यांचेच शिल्प करायचे ठरवले. उभ्या उभ्या वाळून करडी झालेली चिडाची झाडे शोधून तिने त्यांच्या काठ्या काढल्या आणि खोपटात बसून एकशे बारा तुरे केले. काहींच्या ढलप्या इतक्या पातळ की त्यांतून खिडकी दिसे. मे महिन्यात दक्षिणेतल्या एका संग्रहालयाने त्यांच्यासाठी एक दालन राखून ठेवले होते. फेब्रुवारीच्या एका शनिवारी, काम पुरे करून, ती सॉनासाठी घरी आली आणि दोन दिवस राहिली.

मला ठाऊक नव्हते ते एवढेच की, आपले काम हवे तसे मांडता यावे म्हणून तिने चुलीजवळचे सरपण उचलून बाहेर, पडवीच्या आडोशाला नेले होते. चुलीशेजारी, सरपणाच्या जागी, तिने एकशे बारा तुरे रचले होते. गुडघ्यामुळे मी नाताळनंतर तिकडे फिरकले नव्हते. घरच्या बाईने आपल्या सरपणाची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. ती चूक माझी, आणि ती मी कोणावर ढकललेली नाही.

मंगळवारी ती स्कीवरून खोपटाकडे गेली आणि तीन तासांत परत आली. अंगरख्याच्या आत छातीशी खोपटाची वही होती. ती तिने माझ्या पुढ्यात, पिठातच, उघडी ठेवली.

“वाचा.”

अक्षर मी ओळखले. लिहिले होते: ‘सोमवार. तळ्यावर पाण्यात गेलो. कळपाकडून आलो, घरी चाललो. सरपण फार चांगले होते. ज्याने केले त्याचे हात शाबूत राहोत. सगळे लागले. नवे भरून ठेवले आहे. पिएरा.’

“सगळं लागलं,” वेन्द्ला म्हणाली. “एकशे बारा. एकही नाही राहिला. त्या जागी फोडलेल्या लाकडांची रास आहे, आणि पाच तुरे. जाडेभरडे.”

“पाच म्हणजे बरोबर आहेत,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की तिथे दुसरी कोणी असती तर तिने माफी मागितली असती. मी कॉफी ठेवली. ती न पिता वर गेली आणि तिने संस्थेला फोन केला.

पिएरा दोन दिवसांनी आला. तो साठीचा आहे. मला लहानपणापासून आक्का म्हणतो. रेनडियरची जीभ कागदात गुंडाळून आणली होती. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर फडके होते. वेन्द्लाला टेबलाशी पाहून त्याने टोपी काढली. जळाले ते तिचे काम होते, ही बातमी गावात सर्वांआधी त्यालाच मिळाली होती.

“पोरी, ते तू केलेलं?”

“हो.”

“पेटले चांगले.”

“दोन महिने लागले मला,” वेन्द्ला म्हणाली. “दोन महिने. बघून कळलं नाही तुम्हाला, की हे सरपण नाही?”

पिएराने खरोखर विचार केला. त्याला घाईने उत्तर देता येत नाही.

“वाटलं, कोणी तरी फार चांगलं माणूस येऊन गेलं,” तो म्हणाला. “बर्फगाडी तळ्यावर हिमाखालच्या पाण्यात रुतली. कमरेपर्यंत भिजलो. खोपटापर्यंत चाललो तेव्हा पायाखाली काय आहे ते कळत नव्हतं. डब्यात चार काड्या होत्या. पेटी गुडघ्यांत धरली, काडी दातांत. तीन पडल्या. चौथी लागली, आणि तुझा पहिला तुरा एकदम पेटला. तो जाडा असता तर पेटला नसता. मग म्हटलं लाकूड घालावं, तर लाकूडच नाही कुठे. बाहेर जायला पाय नव्हते. म्हणून एकेक करत घातले.”

“बाहेर पडवीत होतं लाकूड.”

“ते का?” पिएराने विचारले. त्याच्या स्वरात आरोप नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते.

वेन्द्लाने खुर्ची मागे सारली आणि ती बाहेर जाऊन सरपण फोडू लागली. आम्ही दोघे खिडकीतून तो आवाज ऐकत बसलो.

“रागावलीय,” पिएरा म्हणाला.

“रागावू दे. घाव सरळ पडतोय तोवर काळजी नाही.”

पुढच्या आठवड्यात संस्थेचे संचालक विमानाने आणि मग भाड्याच्या मोटारीने आले. लिंडरूस त्यांचे नाव. पन्नाशीचे, स्वच्छ, आवाज कधी न चढवणारे. शेवटी आलेले म्हणून मी त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली, कॉफी दिली, आमच्या रीतीप्रमाणे कॉफीत घालायला भाजके चीज दिले. त्यांनी सगळे नीट खाल्ले, ताटलीखाली रुमाल घडी करून ठेवला आणि टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक कागद आणि एक पितळी कुलूप.

कागदावर दोन कलमे होती. पिएराने आपण कलाकृती नष्ट केल्याचे लेखी कबूल करावे. आणि खोपटाला कुलूप लावून किल्ली घरात ठेवावी. दोन्ही मान्य असल्याची सही मी करायची होती. करार मेअखेर संपत होता. सही झाली तरच तो पुढे चालणार होता.

“पिएराने कबूल केलेलंच आहे,” मी म्हणाले. “वहीत. त्या वहीत आजपर्यंत कोणी खोटं लिहिलेलं नाही.”

“आम्हाला ती वही पुरावा म्हणून लागेल.”

“वही खोपटाची आहे. ती बाहेर जात नाही. गेल्या आठवड्यात आली तेवढी पुरे झाली.”

“मालकीणबाई,” ते शांतपणे म्हणाले, “तुमचा मान राखूनच बोलतोय. चौदा वर्षं तुम्ही आमच्या कलावंतांना आईसारखं सांभाळलंत.”

“आईसारखं नाही. आईनं त्यांना झोपू दिलं असतं.”

वेन्द्ला खिडकीशी बसली होती. तिच्या ओठाचा कोपरा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. बाकीचे तिघे कलावंत ताटल्यांकडे पाहत होते.

“पण काळ बदललाय,” लिंडरूस म्हणाले. “उघड्या जागेत ठेवलेल्या कामाची जबाबदारी कोणी घेत नाही. कुलूप ही अगदी साधी गोष्ट आहे.”

“तुम्ही जन्मला नव्हता तेव्हाची गोष्ट सांगते,” मी म्हणाले. “माघार घेणाऱ्या जर्मनांनी आमचं गाव जाळलं. उन्हाळ्यात आम्ही परत आलो तर या घराची फक्त चिमणी उभी होती. मी सात वर्षांची होते. तळ्यापलीकडचं खोपट त्यांना सापडलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यात आम्ही सहा जण राहिलो, मग आणखी पाच आले, मग आणखी. जो आला त्याला माझ्या वडलांनी चुलीजवळ बसवलं आणि आम्हाला दाराकडे सरकवलं. मी दाराला पाठ लावून झोपत होते. त्या दाराला मी कुलूप लावीन असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तेव्हा गरज होती.”

“ठीक. मग आज गरज आहे की नाही ते बघून येऊ. टेबलावर ठेवलेली सगळीच कुलपं चांगली दिसतात. दारावर लावून बघा. तिथे चांगलं दिसलं तर सही करते.”

त्यांनी कुलूप उचलले. मी शब्द देते तो पाळते, एवढे त्यांना चौदा वर्षांत कळलेले होते.

पिएराने बर्फगाडीला स्लेज जोडली. लिंडरूस आणि मी तिच्यात बसलो. रेनडियरच्या कातड्याखाली कुलूप आमच्या पायांशी होते. वेन्द्ला स्कीवरून आधीच निघाली होती. उणे सव्वीस होते, स्वच्छ, बिनवाऱ्याचे, म्हणजे चांगलाच दिवस म्हणायचा. संचालकांचे हातमोजे महागाचे होते.

खोपटाच्या दाराला आणि चौकटीला एकेक लोखंडी कडी आहे. उन्हाळ्यात अस्वलाने दार ढकलू नये म्हणून त्यांतून दोरी ओवतात. दोरी कोणालाही सोडता येते, फक्त अस्वलाला नाही. लिंडरूसनी दोन्ही कड्यांतून कुलूप घातले आणि दाबले. कट्ट असा आवाज झाला. त्या दारातून असा आवाज मी आयुष्यात प्रथमच ऐकला.

“छान दिसतंय,” ते म्हणाले.

“आता उघडा.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली. ती नखाएवढी होती.

“हातमोजे काढून,” मी म्हणाले. “पिएराचे हातमोजे ओले झाले होते. ओले मोजे घालून काही करता येत नाही, काढावेच लागतात. तुमचे कोरडे आहेत, तेव्हा तुम्ही त्याच्याहून सुखी आहात. काढा.”

ते अभिमानी गृहस्थ होते, आणि हे मी त्यांच्या बाजूनेच सांगते आहे. त्यांनी मोजे काढले आणि मला धरायला दिले. किल्ली कुलपात अर्धी गेली आणि अडली. त्यांनी ती काढली, फुंकली, जे करायला नको होते. श्वासाची वाफ लागताच तिच्यावर तुषार जमला. दुसऱ्या वेळी ती आत गेली, पण फिरेना. त्यांनी जोर केला. बोटे पांढरी होऊ लागली होती. तिसऱ्या वेळी किल्ली निसटली.

भुसभुशीत हिमात पडलेली लहान वस्तू कुठे जाते, ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. वर एक बारीक चीर उरली, आणि तीही त्यांनी घाईने हात घालताच मोडली. ते गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत उकरू लागले. तेवढेच खरे आहे. त्यांना कोणी ढकलले नाही.

“दुसरी किल्ली?” पिएराने विचारले.

“बॅगेत.” ते उठले. “घरी.”

आम्ही चौघे माझ्या वडिलांच्या खोपटाबाहेर उभे होतो आणि आत जाऊ शकत नव्हतो. नव्वद वर्षांत हे प्रथमच घडत होते. लिंडरूसनी हात काखेत घातले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता विचार नव्हता, फक्त थंडी होती.

तेव्हा वेन्द्ला पुढे झाली. तिने स्लेजमधून पिएराची कुऱ्हाड काढली, उलटी धरली आणि चौकटीच्या कडीवर बोथट बाजूने दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला कडी लाकडासकट निघाली. कुलूप दाराला लोंबकळत राहिले. तिने अडसर उचलला.

“शेवटी आलेल्याचा हक्क पहिला,” ती लिंडरूसना म्हणाली. “बसा चुलीजवळ.”

हे वाक्य माझे होते, पण तिने ते बरोबर म्हटले.

मी काड्यापेटी संचालकांच्या हातात दिली. हेही मी मुद्दाम केले. पहिली काडी त्यांच्या बोटांतून पडली. दुसरी त्यांनी दोन्ही तळहातांत धरून ओढली, पिएराचा एक जाडाभरडा तुरा पुढे सरकवला, आणि तो सावकाश का होईना, पण पेटला. ते त्या ज्योतीकडे पाहत राहिले. पिएराने लाकूड घातले. मी किटलीत हिम भरले. ती किटली तीच, चार वर्षे हिंडून आलेली.

कॉफी पोटात गेल्यावर त्यांचा आवाज परत आला.

“मला कळलं, मालकीणबाई. अगदी नीट कळलं. पण हे मी तिकडे मंडळापुढे कसं मांडू? तिथे कोणाची बोटं गारठलेली नाहीत. कुलूप नसेल तर करार नाही. ते माझ्या हातात नाही.”

“मग करार नाही,” मी म्हणाले.

“घर बंद पडेल तुमचं.”

“घर माझं आहे. बंद पडायचं की नाही ते मी ठरवीन.”

“चौदा वर्षं, आक्का,” पिएरा हळूच म्हणाला. त्याने असे बोलणे मला अपेक्षित नव्हते. “मी कबुली लिहून देतो हवं तर. माझं काय जातंय?”

“तू पाण्यातून आलास आणि आग पेटवलीस,” मी त्याला म्हणाले. “त्याची कबुली द्यायची असेल तर हे खोपट बांधणाऱ्यानेच काही तरी गुन्हा केला असला पाहिजे. गप्प बस.”

मी घराच्या खिडक्यांचा विचार केला नाही असे नाही. वळणावरून दिसणाऱ्या उजेडाचा विचार मी त्या क्षणी केला, आणि तो विचार करूनच पुढचे बोलले.

“तुम्ही सहीसाठी आलात, तर सहीशिवाय पाठवणार नाही,” मी लिंडरूसना म्हणाले आणि वेन्द्लाकडे हात केला. जागेवर परत ठेवायला आणलेली वही तिने अंगरख्यातून काढली. “इथे लिहा. कोण, कुठून, कुठे चाललात.”

त्यांनी वही घेतली. बराच वेळ पिएराची नोंद वाचत राहिले. मग तिच्याखाली आपले पूर्ण नाव लिहिले, गावाचे नाव लिहिले, आणि शेवटी थोडे थांबून: ‘किल्ली हरवली.’ ते खरे होते. म्हणूनच मी त्यांना दुसऱ्यांदा कॉफी ओतली.

निघण्यापूर्वी त्यांना चार लाकडे फोडावी लागली. घाव वाईट होते, पण लाकूड लाकूडच असते. परततेवेळी वेन्द्ला आली नाही.

“मी थांबते,” ती म्हणाली. “उद्या येईन.”

“कडी तू मोडलीस,” मी म्हणाले.

“हो. बसवून देते.”

ती दोन दिवसांनी उतरली, सामान बांधले आणि संस्थेच्या इतर तिघांबरोबर मेची वाट न पाहता पुढच्या आठवड्यात बसने गेली. संस्थेचे पत्र त्याआधीच आले होते. सभ्य भाषेतले, दोन परिच्छेदांचे, कलावंतांना परत बोलावणारे. वेन्द्लाने माझा हात हातात घेतला, पण मान वर केली नाही. तिच्या दोन महिन्यांची भरपाई करील असा शब्द मला येत नव्हता, आणि नसलेला शब्द उच्चारण्याची मला सवय नाही.

एप्रिलमध्ये हिमावर कवच धरले आणि माझा गुडघा सुधारला, तेव्हा मी स्वतः खोपटाकडे गेले. चौकटीची कडी नव्या जागी, पूर्वीपेक्षा घट्ट बसवलेली होती. कुलूप तसेच बंद, फळीवर ठेवलेले होते. ते मी घरी आणले. खारवलेल्या माशांच्या पिंपाच्या झाकणावर ठेवायला नेमक्या तेवढ्याच वजनाची वस्तू मला हवी होती, आणि ते आजही तिथेच आहे.

सरपण चुलीजवळ होते, आपल्या जागी, बारीक-जाड असे वेगळे लावलेले. शेजारी पाच तुरे. त्यांच्या ढलप्यांतून खिडकी दिसत होती. मी वही उघडली. संचालकांच्या नोंदीखाली लहान सरळ अक्षरांत तिने लिहिले होते:

‘वेन्द्ला. आलातालोहून आले, दक्षिणेला चालले. राग अजून गेलेला नाही. लाकूड कोरडे आहे.’

या नोव्हेंबरात मी चार खोल्या पुन्हा तापवल्या. संस्था नाही, करार नाही. जुन्या कलावंतांना मी पत्रे पाठवली: यायचे असेल तर या, सरपण फोडायला लागेल, सकाळी सातला टेबलावर. नदीत यंत्र सोडणारा संगीतकार आला आहे. कवीही आला आहे, आणि तो पुन्हा उशिरा उठू लागला आहे. दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण दिवा मी त्यांतही लावते.

पण एप्रिलमधल्या त्या दिवशी मला चूल पेटवणे भाग होते. म्हातारे हाड सात किलोमीटरने गारठते. मी वेन्द्लाचा एक तुरा घेतला. एक काडी पुरली. मग बसले, सुरी गुडघ्यावर धरली आणि काठी मागे ओढत त्याच्या जागी दुसरा केला. तो तिच्या चार तुऱ्यांशेजारी ठेवला. त्यांच्यातला फरक आंधळ्यालाही दिसेल. दिसू दे.